कवाडं दुरुस्तीला गेली आहेत

ही गोष्ट ऐकून कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. पण खोटी म्हणू नका.

जिच्यावर ती गुजरली, ती ताईबाई आमच्याच घरातली. कीर्तनाचं वेड असलेली बाई. एकादशीला तोंडातून खोटा शब्द काढायची नाही, आणि ही गोष्ट ती एकादशीलाच सांगायची.

जागा जळगाव. मेहरूणकडे जाणाऱ्या वाटेवरची चार घरांची ओळ.

साल, खानदेशाचे दोन जिल्हे झाले ते.

महिना पौष. वेळ... दिवेलागणीची.

तोवर सगळा कारभार धुळ्याला होता. सरकारनं खानदेश मधोमध कापला आणि पूर्वेच्या तुकड्याची कचेरी जळगावात आणली. कचेरीमागे कारकून आले, कारकुनांमागे वकील, वकिलांमागे पक्षकार. घरं मात्र होती तेवढीच.

मग काय विचारता. धुळ्यात घरांना कुलपं लागली. ताईबाईचा नवरा पितांबर कचेरीत कारकून. त्यानं तिथलं विहीर आणि परसू असलेलं घर सोडलं, तेव्हा घरमालक पोहोचवायला गाडीपर्यंत आला आणि डोळे पुसत म्हणाला, "अर्ध्या भाड्यात राहा, पण राहा." इकडे जळगावात रुपयाचं घर दोनाला गेलं, दोनाचं पाचाला. कोणी गुरं मळ्यात हलवली, गोठ्याला चुना फासला आणि त्याला खोली म्हणू लागला. स्टेशनवरचे हमाल नव्या कारकुनाला बघून म्हणायचे, "रावसाहेब, पाय उचला. गोठ्यात एकच दावं मोकळं राहिलंय."

हसण्यासारखंच होतं म्हणा. ज्यांची घरं होती, त्यांना.

जुन्या भाडेकरूंचं काय झालं, हे कोणी विचारत नव्हतं. काल इथं राहणारा विणकर आज कुठे गेला, हे विचारत बसलं तर खोली दुसराच धरायचा.

ताईबाई तेव्हा विशीची. दिवस भरत आलेले. माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण जळगावातच व्हायचं. आणि मुक्काम कुठे, तर स्टेशनजवळच्या धर्मशाळेत, पडवीच्या कोपऱ्यात, लुगड्याचा आडोसा करून. धर्मशाळेचा रखवालदार रोज सकाळी विचारायचा, "बाई, अजून आहात?"

अशात छगनआबांचं घर मिळालं.

छगनआबा म्हणजे त्या चार घरांचे मालक. कपाळाला बुक्का, गळ्यात माळ. गावात कीर्तन असलं की हे पहिल्या रांगेत. बुवांना हार घालायचा मान यांचा. ताईबाईला तेवढ्यानंच धीर आला. कीर्तनाला बसणारा माणूस, म्हणजे आपलाच माणूस.

पितांबर भीत भीत म्हणाला, "आबा, पौषात नव्या घरात शिरू नये म्हणतात."

आबा हसले. "अहो भाऊसाहेब, भाड्याच्या घराला कसला पौष? भाडं पौषातही लागतंच की."

घर धाब्याचं, ओळीतलं तिसरं. पुढे ओटा, आत दोन खोल्या. ताईबाईच्या नजरेला एकच गोष्ट खटकली. चौकट जुनी, काळी, तेलकट झालेली... आणि कवाडं कोरी करकरीत. शेजारच्या तिन्ही घरांची कवाडं जुनीच होती.

पहिल्या दिवशी पितांबर पाणी आणायला गेला. ताईबाईनं देवापुढे दिवा लावला. वारा झोंबत होता, पण नवरा हातात घागर घेऊन येईल म्हणून तिनं दार उघडंच ठेवलं.

आणि मग...

कडी लागल्याचा आवाज आला.

खळ्ळ. लोखंडी, जड, जुन्या कडीचा.

ताईबाईनं वळून पाहिलं. दार उघडं होतं. नवी कडी लोंबत होती. हलतही नव्हती.

फक्त... वारा थांबला होता. बाहेर निंबाचं झाड हलत होतं, पाचोळा उडत होता. आत दिव्याची ज्योत मात्र सरळ उभी.

तेवढ्यात पितांबर ओट्यावर आला. घागर खाली ठेवली. उंबऱ्यासमोर उभा राहिला. ती त्याला बघत होती, तिच्या अन् त्याच्यामध्ये काहीच नव्हतं.

त्यानं हात उचलला आणि हवेवर थाप मारली.

लाकडाचा आवाज आला.

"अगं, दार उघड."

ताईबाईनं कडीकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे.

"अगं, झोपलीस काय? हात गारठले माझे."

पुन्हा थाप. पुन्हा लाकूड वाजलं. त्याचा हात हवेत, जिथे काहीच नाही तिथे, अडत होता.

"अहो," ती कशीबशी म्हणाली, "दार उघडंच आहे."

तेवढं बोलली मात्र... खळ्ळ. आणि पितांबर धडपडत आत आला.

"इतका वेळ आत काय करत होतीस?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेल्यावर ताईबाई शेजारच्या शेवंताबाईकडे गेली. साठीची बाई, ओट्यावर डाळ निवडत बसलेली. ताईबाईनं सगळं सांगितलं. शेवंताबाईच्या हातातलं सूप थांबलं.

"तुले कोनी सांगं नही का, माय?"

"काय सांगायचं?"

"त्या घरमा भिकुबाई ऱ्हाये. एकली बाई. देवळना दिवासले वाती वळे. भाडं तिनी कधी थकाडं नही."

छगनआबांनी भाडं पाचपट केलं. भिकुबाई म्हणाली, मला झेपत नाही. आबांनी ना शिवी दिली, ना तिची भांडी बाहेर फेकली. ते गोड बोलले. 'राहा अक्का, घर तुमचंच आहे. कवाडं तेवढी खिळखिळी झालीत, सुताराकडे दुरुस्तीला देतो.'

मार्गशीर्षाच्या थंडीत कवाडं गेली. ती परत आलीच नाहीत.

रोज ती विचारायची, "आबा, कवाडं?" रोज ते सांगायचे, "सुतार आजारी आहे, अक्का." तिनं दाराला गोधडी टांगली. वाऱ्यानं उडाली. कुत्र्यानं भाकरी नेली, चोरानं तांब्या नेला. ती तरी गेली नाही. कुठे जाणार? सगळ्या गावात तिच्या भाड्यात गोठासुद्धा मिळत नव्हता.

"सकायमा देखं," शेवंताबाई खाली बघत म्हणाली, "ते उंबरावर बठेल व्हती. पाठ एक बाजूले, पाय दुसरी बाजूले. दारना जागावर सोताच बठेल. लाकूड व्हयी गयथी, माय." रात्रभरच्या गारठ्यात भिकुबाई तिथेच गेली होती.

त्या जुन्या कवाडांच्या सागवानी फळ्यांचं छगनआबांनी देवळात बुवांसाठी व्यासपीठ करून दिलं. त्याच्यावर उभं राहून बुवा दयाधर्म सांगत होते. ताईबाईनं मागच्याच आठवड्यात ते कीर्तन ऐकलं होतं. ऐकून रडली होती.

"आणि तुम्ही सगळे?" ताईबाईनं विचारलं. "तुम्ही बघत बसलात?"

"बठ्ठी गल्ली देखे," म्हातारी म्हणाली. "बोलतीस काय? आम्हनी कवाडं बी त्यानीच शेतस." सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं, पण जो बोलला असता त्याचंच दार उद्या निघालं असतं.

ताईबाई ताडकन उठली. राग एवढा आला, की पोटातलं मूल ढुशा देऊ लागलं. छगनआबांचा राग, गल्लीचा राग, आणि त्या कीर्तनात डोळे पुसणाऱ्या स्वतःचाही राग.

पितांबरला सांगितलं. त्यानं आधी टोपी काढून खुंटीला अडकवली. मग म्हणाला, "जायचं कुठे? सांग तू. धर्मशाळेच्या पडवीत बाळंत होशील?"

 हे एकच छप्पर होतं.

त्या संध्याकाळी दिवा लावून ताईबाई उंबऱ्यापाशी गेली. हळद-कुंकू वाहिलं आणि घरातल्या मोठ्या बाईशी बोलावं तशी बोलली.

"अक्का, घर तुमचंच आहे. मी पोटुशी आहे. दार लावून घ्या, पण माझ्या माणसाला येऊ द्या."

काही झालं नाही.

थोड्या वेळानं... वारा थांबला.

त्यानंतर रोज तिन्हीसांजेला कडी वाजायची. पितांबर कधी अडला नाही. पौष सरता सरता ताईबाई बाळंत झाली. मुलगी झाली. शेवंताबाईनं सगळं केलं. रडत रडत केलं.

आणि मग छगनआबा आले.

ओट्याखालूनच बोलले. "भाऊसाहेब, एक वकील घर मागतोय. दुप्पट देतो म्हणतो. तुम्ही जुळवता का तेवढे?"

पितांबर म्हणाला, "आबा, बाळंतीण आहे घरात. पगार किती, ते तुम्हाला ठाऊक आहे."

"छे छे, मी कुठे जा म्हणतो? राहा की. मुलगी म्हणजे लक्ष्मी." त्यांनी चौकटीकडे पाहिलं. "कवाडं मात्र नीट बसली नाहीत. सुताराकडून घासून आणतो."

आत बाजेवर ताईबाईनं हे ऐकलं. तिनं मुलीला पदराखाली ओढलं.

बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून आपण खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबतो. आणि हा माळ घातलेला माणूस तिच्या घराचं दार काढायला निघाला होता. देवानं असल्यांना जीभ कशाला दिली, असं ताईबाई म्हणायची. गोड बोलायला?

माघातल्या एकादशीला, पितांबर कचेरीत असताना, दोन सुतार आले. खाली मान घालून कवाडं उतरवली आणि गाडीवर टाकून नेली.

पितांबर संध्याकाळी घरी आला, उघडी चौकट पाहिली आणि तसाच उलट्या पावली निघाला. "देवळात कीर्तन आहे. आबा तिथेच असतील. चार माणसांत विचारतो." शेवंताबाईही त्याच्यामागे गेली. पहिल्यांदाच तीही बोलणार होती. सगळी गल्ली कीर्तनाला गेलेली.

घरात ताईबाई, बाजेखाली शेगडी, कुशीत मुलगी. समोर रिकामी चौकट. पलीकडे अंधारत चाललेलं आभाळ.

लांबून टाळ ऐकू येत होते.

वारा सुटला. शेगडीतली राख उडाली. मुलगी शिंकली. ताईबाईनं तिला छातीशी घट्ट धरलं.

आणि... खळ्ळ.

राख खाली बसली. देवापुढच्या दिव्याची ज्योत सरळ झाली. खोलीत ऊब आली.

छगनआबा देवळात नव्हते. हार घालायला जाता जाता ते वाटेत इकडे वळले होते. कवाडं निघाली की नाही, बाई रडतेय की नाही, हे बघायला. हातात हाराची पुडी होती. ते ओट्यावर चढले.

"काय बाई, थंडी वाजत असेल ना?"

असं म्हणत पुढे झाले... आणि त्यांचं कपाळ हवेवर आपटलं.

लाकूड वाजलं.

आबांनी कपाळ चोळलं. हात पुढे केला. हात अडला. त्यांचे डोळे मोठे झाले. ताईबाईला त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता, त्यांना मात्र ती दिसत नव्हती.

"कोणी दार बसवलं हे?" ते ओरडले. "उघडा."

मग वळले. उतरून जाणार होते.

ओट्याच्या कडेला... पुन्हा लाकूड वाजलं.

डावीकडे वळले. लाकूड. उजवीकडे. लाकूड.

तीन बाजूंनी उघडा ओटा. वर आभाळ. आणि छगनआबा चारी बाजूंना थापा मारत होते. त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. थापा हळूहळू मऊ झाल्या.

"अक्का," ते म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "अक्का, उघड. गारठा आहे."

ताईबाईनं ऐकलं. भुकेलं कुत्रं दारी आलं तरी भाकरी टाकणारी ती बाई. ती काही बोलली नाही.

देवळात आबा हार घालायला येईनात म्हणून कीर्तन थांबलं होतं. लोक कंदील घेऊन शोधायला निघाले. पुढे पितांबर होता. ओट्यावर त्यांना छगनआबा सापडले. गुडघे पोटाशी घेऊन बसलेले, ओठ निळे, मुठींची सालटं निघालेली. जीव होता, शब्द नव्हता. आठवड्याभरात गेले. शेकोटीशेजारी, रजयांखाली, कुडकुडत गेले.

पितांबर धावत आत आला. त्याला काही अडलं नाही.

तो बाजेजवळ थांबला. बाज रिकामी होती. ताईबाई चौकटीच्या आतल्या बाजूला उभी होती, डाव्या हातात मुलगी. उजवा हात वर केलेला, मूठ आवळलेली. जशी कडी धरून ठेवावी तशी.

त्यानं बोटं एकेक करून सोडवली. तळव्यावर गंजाचा लाल वळ होता.

बाजेवरून आपण कधी उठलो, हे ताईबाईला शेवटपर्यंत आठवलं नाही. "दार अक्कांनी धरलं होतं की मी?" ती विचारायची आणि आमच्या तोंडाकडे बघत राहायची. आम्ही काय सांगणार?

छगनआबांच्या मुलानं तेराव्यानंतर नवी कवाडं बसवली. भाडं वाढवून घर त्या वकिलाला दिलं. कोणी त्याला काही बोललं नाही. घरांची मागणीच तेवढी होती.

पितांबर बिऱ्हाड घेऊन दूर गावाबाहेर, झोपडीवजा जागेत गेला. तिथे पहिल्या संध्याकाळी त्यानं दार ओढलं आणि कडीला हात घातला.

"राहू द्या," ताईबाई म्हणाली. "मी लावते."

आणि तिनं लावली. पण लावण्याआधी ती बराच वेळ बाहेरच्या अंधारात बघत उभी राहिली. कोणी यायचं राहिलंय का, ते बघत.