रिंगणातलं रिंगणात

खुर्च्या मी छान रांगेत लावल्या होत्या. तेवढ्यात एक उंच, सावळा तरुण आला आणि त्या ओढून गोल मांडायला लागला. मला वाटलं, सभागृहाचा शिपाई.

"अहो, काय चालवलंय? सर येतील आता!"

"येऊ दे की," तो म्हणाला. "रांगेत बसलं की पुढचीचा नुसता अंबाडा दिसतो. रडणारीचा चेहरा दिसायला नको?"

तोच सर होता — चन्नवीर! १९७४ साल. सोलापुरात विड्या वळणाऱ्या विधवांसाठी आमच्या संस्थेनं बोलण्याचे गट सुरू केले होते. ते कसे चालवायचे हे आम्हा मुलींना शिकवायला तो यायचा. बाई गप्प झाली तर घाई करू नका, थांबा, तीच बोलेल. तिनं काही विचारलं तर उत्तर आपण द्यायचं नाही, सगळ्यांपुढं ठेवायचं. येणारीची माहिती आधी काढायची नाही. आणि रिंगणातलं रिंगणातच ठेवायचं.

"शिकवणाऱ्याकडं एकटक बघायचं नाही, हेही ध्यानात ठेवा, प्रमिलाबाई," एकदा तो हळूच म्हणाला.

"मी कुठं बघते?"

"मग... मीच बघत असणार."

मी पार लाजून गेले. त्यानंतर तो रोज सायकल हातात धरून माझ्याबरोबर भवानी पेठेपर्यंत चालत यायचा. एक दिवस म्हणाला, "रविवारी घरी येतो... वडलांशी बोलायला." रात्रभर मला झोप नव्हती.

शनिवारी माझ्या गटात त्यानं एक नवी बाई पाठवली, निंगव्वा. तिच्याबद्दल, नियमाप्रमाणे, एक अक्षरही सांगितलं नव्हतं. ती पदराचं टोक चाळवत कितीतरी वेळ गप्प होती. मी थांबले.

"आई गेली तवा तम्मा लहान हुता," ती म्हणाली. धाकट्या भावाला ती तम्मा म्हणायची. "विड्या वळून शिकवलं त्येला. आमच्यात भैनीची पोरगी भावाला देत्यात. माजी पोरगी दुसरं स्थळ बघू देत न्हाय, मामाचीच वाट बघती. आन त्येला दुसरीच आवडलीया. खुर्च्या गोल मांडून समद्यांना बोलायला शिकवतोय... मला मातूर त्येच्याशी बोलता येत न्हाय."

तम्मा म्हणजे चन्नवीर... आणि ती दुसरी मीच.

"सांग की त्याला," शेजारची शांतम्मा म्हणाली.

"नगं. सांगितलं तर ऐकंल त्यो. असं बांधायचं न्हाय मला. हितलं हितंच ऱ्हाऊ द्या." मग ती माझ्याकडं वळली. "बाई, पोरीला काय सांगू मी?"

मी तो प्रश्न सगळ्यांपुढं ठेवला. बायका रडल्या, बोलल्या. मी मात्र कोरड्या डोळ्यांनी बसून राहिले.

बाहेर चन्नवीर सायकल घेऊन उभा होता. चेहरा नुसता फुलला होता.

"आली होती ना? माझी अक्का ती! म्हटलं, तुम्ही दोघी आधी अशाच भेटाव्यात. आवडली?"

"खूप..." मी म्हणाले. "रविवारी येऊ नका तुम्ही."

"का? अक्का काही बोलली?"

माझं त्याच्यावर प्रेम होतं. एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं — आणि तो अक्काच्या शब्दात कायमचा अडकला असता. किंवा न सांगता हो म्हणायचं, आणि त्या पोरीला जन्मभर मामी म्हणवून घ्यायचं? दोन्ही माझ्याच्यानं होणार नव्हतं.

तो माझ्याकडं बघत थांबला, आम्हाला शिकवलं होतं तसाच. मीही त्याचीच विद्यार्थिनी. मीही थांबले.

"चांगलं शिकलात, प्रमिलाबाई," शेवटी तोच म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. त्यानं सायकल वळवली.

दिवाळीनंतर निंगव्वा पेढे घेऊन आली. "तम्मा व्हय म्हणला! आपल्या मनानं!" बायकांनी एकच गलका केला. मी पेढा हातात धरून बसले आणि डोळे भरून आले, आवरेचनात.

"बाई... काय झालं वो?"

निंगव्वा माझ्याजवळ सरकली आणि घाई न करता थांबली. एव्हाना तीही शिकली होती.