मुदतीआधी पक्व

तन्मयी कोडोलीकर बारावीच्या परीक्षेला बसली तेव्हा पदवीचे सगळे श्रेयांक तिच्या नावावर आधीच जमा होते, आणि मिरजेत त्याचे कुणाला फारसे अप्रूप उरले नव्हते. तिच्या वर्गातली निम्म्याहून अधिक मुले तशीच होती. त्यांना ‘अग्रिम’ म्हणत. कॉलेजचे विषय शाळेत असतानाच पुरे करायचे, त्यांचे श्रेयांक पदरात पाडून घ्यायचे आणि अठराव्या वर्षी थेट नोकरीला लागायचे, अशी ती योजना. पूर्वीही एखादे हुशार मूल एखाददुसरा विषय असा आधी उरकून टाकी. आता हुशारीची अट राहिली नव्हती. नाकात मारायचा एक फवारा पुरे होता.

त्याचे नाव विमोचक. लहान मूल भाषा जशी खेळता खेळता उचलते तशी ती मोठ्या माणसाला उचलता येत नाही, कारण वय वाढते तशी मेंदूतल्या पेशींभोवती एक बारीक जाळी विणली जाते. जुळलेले धागे ती धरून ठेवते, नवे सहजी जुळू देत नाही. विमोचक ही जाळी काही काळ विरघळवून टाकतो. मग सोळा वर्षांच्या मुलाचे डोके पुन्हा तीन वर्षांच्या पोरासारखे ओल्या मातीचे होते. फरक एवढाच, की त्यावर आता बडबडगीतांऐवजी संख्याशास्त्र उमटवायचे.

तन्मयीची आई ऋजुता महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात अभियंता होती. नवरा अकाली गेल्यावर तन्मयी आणि तिचा धाकटा भाऊ शार्दूल, दोघांनाही तिने एकटीने वाढवले. मुलगी पदवीधर झाली, लगेच त्याच योजनेत मार्गदर्शक म्हणून नोकरीलाही लागली, तेव्हा ऋजुताने आळीभर पेढे वाटले. शंका घ्यावी असे त्यात काही नव्हते.

शंका आली ती दिव्याच्या बटणावरून.

त्या उन्हाळ्यात त्यांनी घर बदलले. जुन्या घरात खोलीत शिरले की बटण उजव्या हाताला असे, नव्या घरात ते डावीकडे होते. पहिले काही दिवस तिघांचेही हात उजवीकडे जायचे आणि तिघेही हसायची. शार्दूल चार दिवसांत सरावला, ऋजुताला जरा वेळ लागला. तन्मयीचा हात मात्र उजवीकडेच जात राहिला. पावसाळा सरला, दिवाळी झाली, तरी ती रोज अंधारात उजवी भिंत चाचपायची. तिथे तळहाताएवढा मळकट डाग पडला.

“अगं, डावीकडे आहे ते,” ऋजुता म्हणायची.

“माहितीये की,” तन्मयी शांतपणे सांगायची आणि दिवा लावायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग रेणुकाचे झाले. रेणुका चौगुले तिची लहानपणापासूनची मैत्रीण. शाळेच्या स्नेहसंमेलनात तन्मयीचे एक कर्णफूल हरवले आणि ते रेणुकाने घेतले असा तिचा समज झाला. दोघींचे बोलणे तुटले. घर बदलताना तेच कर्णफूल कपाटामागे सापडले. “तिने नव्हतं घेतलं गं,” तन्मयी स्वतःच म्हणाली. ऋजुताला हायसे वाटले. पण रेणुका दिवाळीचा फराळ घेऊन आली तेव्हा तन्मयीने तिला दारातच उभे केले.

“आत का नाही बोलावलंस?”

“तिचा भरवसा नाही वाटत.”

“कर्णफूल तर सापडलं ना तुझं?”

“सापडलं की. तिने नव्हतंच घेतलं.”

हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर ना राग होता ना संकोच. ऋजुता तिच्याकडे पाहतच राहिली. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि एकमेकींना ओळखतही नव्हत्या.

त्यानंतर ती लेकीवर नजर ठेवू लागली. आपल्याच मुलीवर पाळत ठेवायची हे तिला रुचत नव्हते, पण राहवतही नव्हते. तिने तन्मयीला दर रविवारी पोहायला न्यायला सुरुवात केली. हात कसा मारायचा, श्वास केव्हा घ्यायचा, सगळे तन्मयी बिनचूक सांगे आणि पाण्यात उतरली की प्रत्येक वेळी पहिल्याच दिवसासारखी कठडा घट्ट धरून बसे. शेवटी ऋजुताने रजा टाकली आणि सांगलीला विमोचक केंद्राच्या प्रमुख डॉ. शरयू मोकाशी यांना गाठले.

डॉक्टरांनी तिचे बोलणे मध्ये न तोडता ऐकून घेतले. त्यांना नवल वाटले नाही, हे ऋजुताच्या नजरेतून सुटले नाही.

“फवारा थांबला की जाळी परत येते, असं तुम्ही सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“येते.”

“पहिल्यासारखीच?”

“पहिल्यापेक्षा दाट येते. एकदा फोडलेला बांध माणूस पुन्हा घालताना दुप्पट माती टाकतो, शरीराचंही तसंच असतं.”

“म्हणजे तिला आता नवं काही शिकता येणार नाही?”

“माहिती कळेल, लक्षातही राहील. त्या स्मरणाची मेंदूतली जागा वेगळी आहे. आज तिला काही सांगितलंत तर पुढे कितीही वर्षांनी ती ते शब्दन् शब्द सांगेल. पण पडलेलं वळण मोडत नाही. हाताचं, पायाचं.”

“आणि मनाचं?”

“मत बदलणं हेही शिकणंच असतं, मॅडम. जुनं सोडायचं, नवं धरायचं. त्याला मोकळे धागे लागतात.”

“हे तुम्ही लोकांपासून लपवलंत.”

“अजिबात नाही. परिषदांमध्ये मांडलंय, पालकांच्या सभेतही सांगितलंय. लोक ऐकतात, मान डोलावतात आणि विचारतात, पुढची तुकडी कधी सुरू होणार? नोकऱ्या देणारे तर खूश आहेत. ही मुलं कुरकुरत नाहीत, सोडून जात नाहीत. आणि खरं सांगू का? पन्नाशीनंतर आपण सगळे थोडेफार असेच होतो. ही मुलं तिथे जरा लवकर पोचली, इतकंच.”

परतताना ऋजुताला वाटत राहिले, की या बाईंनी काही तरी हातचे राखून ठेवले आहे. नक्की काय, ते मात्र सापडेना. त्यांनी तर सगळेच सांगून टाकले होते.

शार्दूल तेव्हा दहावीत होता आणि पुढच्या तुकडीत नाव घालावे म्हणून मागे लागला होता. त्याचेही चुकत नव्हते. साधे तीन वर्षांचे पदवीचे वर्ग आता सगळ्या जिल्ह्यात एकाच कॉलेजात उरले होते आणि तेही बंद होणार अशी बोलवा होती. आईची संमती तेवढी बाकी होती.

संध्याकाळी तन्मयी कामावरून आली तेव्हा ऋजुताने तिला जवळ बसवून सगळे सांगितले. तन्मयीने मन लावून ऐकले, मध्ये मध्ये नेमके प्रश्न विचारले. मग तिचे डोळे भरून आले.

“म्हणजे मी आता अशीच राहणार, आई?”

ऋजुताने तिला कुशीत घेतले.

“मग शार्दूलला नको घालूस यात,” तन्मयी हुंदका आवरत म्हणाली.

ते ऐकून ऋजुताच्या मनावरचे ओझे उतरले. डॉक्टर काहीही म्हणोत, पोरीला पटले होते.

सकाळी चहाचा कप हातात घेऊन तन्मयी म्हणाली, “आई, आज शाळेत पालकांची सभा आहे. शार्दूलला घेऊन ये, त्याचं नाव घालून टाकू.”

ऋजुताला वाटले, ही आपली थट्टा करते आहे. तिने लेकीचा चेहरा निरखून पाहिला. तिथे थट्टा नव्हती.

“काल आपण काय बोललो, तनू?”

तन्मयीने सगळे सांगितले. बांधाची माती, मोकळे धागे, पन्नाशी. आपण रडलो तेही सांगितले.

“मग?”

“मग काय? पटलं मला ते. अकरापर्यंत ये हं.”

ऋजुता सभेला गेली. शार्दूललाही तिने सोबत घेतले. नाव घालायला नव्हे, त्याने बहिणीला बोलताना पाहावे म्हणून. सभागृह भरून गेले होते. तन्मयी छान बोलली. स्वच्छ, आर्जवी, आत्मविश्वासाने. तिचे बोलणे संपल्यावर पुढच्या रांगेतले एक गृहस्थ उठले.

“बाळ, तू स्वतः यातून गेलीयस. पुढे काही त्रास होतो का?”

“होतो,” तन्मयी म्हणाली. “जाळी पहिल्यापेक्षा दाट येते. नंतर नवं वळण पडत नाही, मत बदलता येत नाही. मला पोहायला येत नाही, आता येणारही नाही. माझ्या मैत्रिणीने काही केलेलं नाही हे मला माहितीये, तरी मला तिचा भरवसा वाटत नाही.”

ऋजुता खुर्चीच्या कडेवर आली.

“म्हणूनच सांगते,” तन्मयी त्याच प्रसन्न सुरात पुढे म्हणाली, “उशीर करू नका. जागा थोड्या आहेत.”

गृहस्थांनी समाधानाने मान डोलावली. “मुलगी किती मोकळेपणाने बोलते,” ऋजुताच्या मागची बाई शेजारणीला म्हणाली. ऋजुता उभी राहिली. “तुम्ही ऐकलंत ना ती काय म्हणाली ते?” तिने मोठ्याने विचारले. माना वळल्या. “ऐकलं की ताई,” कुणीतरी अदबीने उत्तर दिले, आणि लोक उठून नावनोंदणीच्या टेबलाकडे रांग लावू लागले. त्यांतल्या एकानेही आयुष्यात विमोचक हुंगलेला नव्हता.

शार्दूल अजून बसूनच होता. काल रात्रीपर्यंत याच योजनेसाठी हट्ट धरणारा तो मुलगा त्या रांगेकडे एकटक बघत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता.

“आई,” त्याने हलकेच विचारले, “यांना काय झालंय?”