डाव्या विंगेतून कोणी येणार नव्हतं

मी बडबड्या आहे, पण थापाड्या नाही. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

गेल्या नोव्हेंबरातला गुरुवार. संध्याकाळी साडेसहाचा प्रयोग. एकापाठोपाठ चार छोटे बॅले. मी नेहमीसारखा प्रेक्षकांच्या मागे, वरच्या माळ्यावर, स्पॉटलाइटशी. तीस वर्षं हेच काम. नाचणारा जाईल तिथे प्रकाश न्यायचा. उडी मारलेल्या माणसावरून तो कधी काढायचा नाही. पाय टेकायला जमीन दिसली पाहिजे ना!

तिसरा बॅले एकटीने नाचायचा. बाकी सगळा काळोख, फक्त माझं वर्तुळ. बावीस वर्षं तो आमची ही नाचली. मार्चमध्ये ही गेली. तेव्हापासून घर खायला उठतं.

आता तो एक नवी पोरगी करणार होती. पहिलाच प्रयोग.

“काका, सांभाळून घ्या हं.”

“तू नाच गं. प्रकाशाचं माझ्याकडे लागलं.”

ही डावीकडून यायची. पोरगी उजवीकडून येणार होती. तालमीत दहादा केलं होतं.

संगीत सुरू झालं, आणि माझा मेला हात सवयीने डावीकडे गेला.

वर्तुळ रिकाम्या फळ्यांवर पडलं.

कानातल्या हेडफोनमध्ये मॅनेजरबाई ओरडल्या, “काका, उजवीकडे! पोरगी अंधारात आहे!”

वळवणारच होतो, तोच...

टक... टक-टक.

वर्तुळात बॅलेचे बूट वाजले.

वर्तुळात कोणीही नव्हतं.

पहिल्या पावलानंतर किंचित थांबायचं, ही हिचीच खोड. घोटा दुखायचा. आवाज पुढे सरकला, तसा मी प्रकाश सरकवत गेलो. खरं सांगू? भीती नाही वाटली. रडू आलं. आठ महिन्यांनी मी एकटा नव्हतो.

“काका, पडेल हो ती!”

पोरगी चाचपडत रंगमंचाच्या कडेला आली होती. खाली वादकांचा खोल खड्डा.

आणि नेमकी तेव्हाच डावीकडची पावलं... थांबली.

हिची मोठी उडी इथेच असायची.

मी प्रकाश पोरीवर नेला.

कडेपासून वीतभर लांब होती. सावरली.

डावीकडे, काळोखात... धप्प!

नंतर मॅनेजरबाईंनी विचारलं, “काका, डावीकडे पडलं कोण? मी धावत गेले, तर कोणीच नाही.”

मी केबल गुंडाळत राहिलो.

पोरगी वाचली. पुन्हा वेळ आली तरी मी तेच करेन. त्यानंतर पंधरा प्रयोग झाले. दर वेळी तिसऱ्या बॅलेला मी हेडफोन काढून डावीकडे कान लावतो. एक पाऊल वाजत नाही.

हिला फार लागलं असेल का हो?