डावं दार

हे ऐकीव नाही. ज्या गाडीत हे घडलं, ती आजही धाड गावच्या बाजाराच्या दिवशी लिंबाखाली उभी असते. ज्यांना खोटं वाटतं, त्यांनी यावं आणि पाहावं.

गेल्या वर्षीची पोळ्याची कर, म्हणजे सणाचा दुसरा दिवस. संध्याकाळचे सव्वासहा. दिवस पुरता मावळलाही नव्हता.

प्रतीक्षा बुलढाण्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला. घर मात्र शेतात, धाडपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी. वडील शालिग्राम जाऊन दीड वर्ष झालं होतं. घरात आता दोघीच. ती आणि आई, अन्नपूर्णाबाई.

आणि वडिलांची पिकअप.

लष्कराच्या लिलावातून आणलेली, सहा सिलिंडरची, चारही चाकांनी ओढणारी. वय प्रतीक्षाच्या आसपास. घरून सडकेपर्यंत तीन किलोमीटर दगडगोट्यांची वाट आणि मध्ये एक नाला. पावसाळ्यात तिथून दुसरं काही जातच नाही. रोज सकाळी मागे वांग्यांचे कॅरेट, पुढे मायलेकी. आईला धाडला भाजीच्या दुकानावर सोडायचं, मग बुलढाणा. संध्याकाळी उलट.

शेजारच्या शेतातले भागवतकाका नेहमी टोमणा मारत.

"प्रतीक्षा, हा हत्ती काऊन पोसून राह्यली व? इकून टाक अन् स्कूटी घे."

उत्तर आई द्यायची. "अन् वांग्याचे कॅरेट काय तुह्या डोक्यावर ठेवू?"

त्या गाडीची एक रीत होती.

नाल्यात उतरण्याआधी पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावरची कडी हातानं फिरवावी लागते. तिला हब म्हणतात. हब लावल्याशिवाय आत चार चाकांची लिव्हर कितीही ओढा, पुढची चाकं ओढत नाहीत. डांबरीवर गेलं की हब सोडायचे, नाहीतर पेट्रोल जास्त जळतं.

हे काम आईचं.

गाडी घरी आली तेव्हापासून तिचंच. वडील गाडी थांबवायचे. ती डाव्या दारानं उतरायची. आधी डावं चाक, मग गाडीच्या पुढून वळसा घालून उजवं. काम झालं की बॉनेटवर तळहाताच्या दोन थापा. म्हणजे चला. एकच थाप आली, तर थांबा. मग ती आत येऊन दार आपटायची आणि त्यानंतरच गाडी हलायची. दार वाजेपर्यंत वडिलांनी कधी क्लच सोडला नाही.

प्रतीक्षाला वडिलांनी गाडी शिकवली, घाट शिकवला, चिखल शिकवला. हब शिकवले नाहीत. गरजच पडली नाही. आई होती.

करीच्या दिवशी आमच्याकडे शेतात कोणी काम काढत नाही. पण वांग्यावर अळी पडली होती आणि आई ऐकणाऱ्यातली नव्हती. दुपारी पंप पाठीवर घेऊन ती फवारायला गेली. वारा फिरला. औषध तिच्याच तोंडावर येत राहिलं.

प्रतीक्षाला ती साडेपाच वाजता बांधावर सापडली.

तोंडाला फेस. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. श्वास घेताना छातीत पाणी खळखळल्यासारखा आवाज.

तिनं फोन केला, तर भागवतकाका नेमके सडकेला होते. त्यांनी तिथूनच अॅम्ब्युलन्स बोलावली, पण नाल्यातून ती येणार नव्हती. आईला सडकेपर्यंत आण, एवढंच ते पुन्हापुन्हा सांगत राहिले.

तिनं आईचे कपडे बदलले, अंग पुसलं, तिला कशीबशी उचलून डाव्या सीटवर बसवलं. आईचं सगळं अंग दारावर कललं होतं. डोकं काचेला टेकलेलं.

"आई, झोपू नको. माझ्याशी बोल."



नाल्याला गुडघाभर पाणी होतं. तिनं लिव्हर ओढली आणि गाडी सरळ पाण्यात घातली. मनात एकच होतं. बाबांच्या वेळी आपल्याला उशीर झाला होता. आज नाही.

अर्ध्यात मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. पुढून ओढच नाही.

तिनं लिव्हर तपासली. पुन्हा जोर दिला. गाडी आणखी रुतली. एक धक्का बसला... आणि इंजिन बंद पडलं.

सहा सिलिंडरची घरघर थांबली की किती शांत होतं, हे तिला तेव्हा कळलं.

फक्त पाणी. आणि आईचा श्वास.

क्लच गेला असेल. आईला पाठीवर घ्यावं लागेल. सडक अजून किलोमीटरभर. आईचं वजन... पाण्याचा जोर... हिशेब जमत नव्हता. तिनं आपल्या दाराच्या कडीवर हात ठेवला.

काठावरची बेडकं एकदम गप्प झाली.

आणि डावीकडून, खाली चाकापाशी, आवाज आला...

कट्.

लोखंडाची कडी जागेवर बसल्याचा आवाज. लहानपणापासून रोज ऐकलेला.

प्रतीक्षा हलली नाही. हब लावायचेच राहिले होते, हे तिला त्या क्षणी उमजलं. तोपर्यंत तो शब्दही मनात आला नव्हता.

मग पाण्यातून पावलं.

डुबुक... डुबुक... गाडीच्या पुढून. डावीकडून उजवीकडे. सावकाश, साडीचा ओचा हातात धरून चालल्यासारखी.

दिवे चालू होते. पाणी लख्ख दिसत होतं. पाण्यात कोणी नव्हतं. फक्त एकेक तरंग उठून काचेपुढून सरकत होता.

मग उजवीकडे, तिच्या अगदी दाराखाली...

कट्.

आणि बॉनेटवर दोन थापा.

बाबा असतील, असं तिला आधी वाटलं. तसंच असावं, असं तिला हवं होतं. पण बाबा कधी हब लावायला उतरले नव्हते.

तिनं मान वळवली.

आई शेजारीच होती. डोकं काचेला. पाय कोरडे. हात मांडीत पडलेले. आणि ती मघाची खळखळ... थांबली होती.

बाहेर जी होती, ती आता परत येऊन बसेल. नेहमीसारखी. डाव्या दारानं.

पण त्या दाराला आईचं अंग टेकलेलं होतं. दार उघडलं असतं, तर ती पाण्यात पडली असती.

"आई, बस ना व गाडीत," ती म्हणाली. काचेला टेकलेल्या आईला म्हणाली की काचेबाहेरच्या, ते तिला आजही सांगता येत नाही.

दार उघडलं नाही.

तिनं वाट पाहिली. किती, ते ठाऊक नाही. पाच श्वासांएवढी. तिच्या स्वतःच्या, कारण दुसरे ऐकूच येत नव्हते.

मग तिनं चावी फिरवली. इंजिन लागलं. या वेळी पुढची चाकं खेचू लागली. गाडी दगडांवरून उचलली जाऊन काठाला लागली.

तेवढ्यात मागच्या फळीवर थाप पडली.

तिनं दुसरीची वाट पाहिली.

आली नाही.

एकच.

प्रतीक्षा थांबली नाही.

सडकेवर अॅम्ब्युलन्सवाल्यांनी आईला घेतलं, छाती दाबली, तोंडावर मास्क लावला. एक जण म्हणाला, "आहेत, आहेत." भागवतकाका गाडीमागून पुढे आले. चाकांपाशी वाकले.

"बरं केलं, हब लावून आली ते," म्हणाले. मग त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं. सलवार घोट्यापर्यंत कोरडी. ते उठले आणि दोन पावलं मागे सरले.

आई नऊ दिवस दवाखान्यात होती. दहाव्या दिवशी चालत बाहेर आली. डॉक्टर म्हणाले, अशा केसेसमध्ये इतकं चांगलं क्वचित होतं. मेंदू, फुप्फुसं, सगळं ठीक.

सगळं ठीकच आहे. आई जेवते. दुकानावर गिऱ्हाइकांशी भांडते. रात्री घोरते.

घरी येताना प्रतीक्षानं सवयीनं नाल्याच्या अलीकडे गाडी थांबवली. आई बसून राहिली.

"आई, हब."

आईनं तिच्याकडे पाहिलं. नंतर बाहेर पाण्याकडे.

"मले काय माईत त्यातलं?" ती म्हणाली. "चाल ना. थांबून काऊन राह्यली?"

डॉक्टरांनी सांगितलं, असं एखादं छोटं काम विसरायला होतं, येईल परत. प्रतीक्षानंही बरंच वाचून काढलं. पुस्तकांत तसंच आहे.

आता हब तीच लावते.

रोज संध्याकाळी आईला घरी सोडते. मग दुकानातलं काही राहिलं, असं काहीतरी सांगून पिकअप वळवते आणि नाल्यापर्यंत एकटी येते. इंजिन बंद करते. हात लांब करून डावं दार सताड उघडते. आणि सीटवरचं सामान बाजूला करून बसून राहते.

पावसाळा सरला. पाणी आटलं. ती अजून जाते.

कधी 'आई, बस ना व' अशी हाक मारते. कधी नुसतीच बसते. एवढंच पाहते की जागा रिकामी आहे ना.

परवा अंधार पडायला लागला, तेव्हा आईचा फोन आला. प्रतीक्षानं उचलला नाही. पडद्यावर 'आई' लिहिलेलं चमकत राहिलं... आणि ती उघड्या दाराकडे बघत राहिली.

मग दार स्वतःच ओढून लावलं आणि घरी गेली.

ताट वाढून झाकून ठेवलं होतं. भाकरी अजून गरम होती. आई समोर बसली आणि ती जेवेपर्यंत उठली नाही.

"रोज कोणाले आणाले जातं व?" आईनं विचारलं.

प्रतीक्षानं मान खाली घालून पुढचा घास घेतला.