आजोबांची हातोडी

बॅग भरून दाराशी ठेवली होती, तरी बाबा पलंगावरून उठेनात. दुपारी इस्पितळात दाखल व्हायचं होतं, दुसऱ्या दिवशी हृदयाचं ऑपरेशन. आता चालढकल केलीत तर माझ्याकडे येऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि बाबांचं आपलं एकच पालुपद: आप्पा ठोकून बघू देत, मग निघू.

आप्पा म्हणजे बाबांचे वडील. रेल्वेत चाकं तपासायचे. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन वाकायचे आणि एकेका चाकावर ठोका द्यायचे. खणखणीत वाजलं तर चाक धड. बद्द वाजलं तर आत तडा. मग त्या डब्यावर खडूची फुली, आणि तो डबा काही पुढे जायचा नाही. लहानपणी बाबांना ताप आला की आप्पा तसंच पलंगाच्या लोखंडी पायावर ठोकत, कान देत आणि "चालेल" म्हणत. ताप उतरायचाच. बाबांची लेक हे ऐकतच मोठी झाली होती.

समजूत घालायला तिने आत्याला बोलावलं. बाबांची ही थोरली बहीण जिभेची तिखट. पण आज तिने भाचीला स्वयंपाकघरात नेऊन आवाज खाली आणला.

"इतकी वर्षं बोलले नाही. म्हटलं, बापाविना वाढलेलं पोर, मारू दे थापा. अगं, तो आईच्या पोटात होता तेव्हाच आप्पा यार्डात अपघातात गेले. यानं त्यांना पाहिलेलंच नाही."

"मग बाबा सांगतात ते आप्पांच्या डाव्या अंगठ्याचं काळं नख?"

आत्याने हातातला पेला खाली ठेवला.

"त्याच सकाळी हातोडी लागली होती. पट्टी मीच बांधली. पण नख पुरतं काळं पडायला एक-दोन दिवस लागतात गं. तेवढे त्यांना मिळालेच कुठे?"

दोघी बाबांच्या खोलीत आल्या. लेक पलंगाजवळच्या लोखंडी खुर्चीत बसली. खोटं कोण बोलत होतं? दोघांपैकी कुणीच तसलं नव्हतं.

तेवढ्यात पलंगाचा पाया वाजला.

खणखणीत. नाद बराच वेळ खोलीत फिरत राहिला. पायापाशी कुणीही नव्हतं.

बाबांचा चेहरा उजळला. ते स्वतःहून उठून बसले. "चालेल म्हणाले. ताई, तोंड मिट, माशी जाईल."

आत्या भिंतीला टेकली. लेकीला हसावं की रडावं कळेना.

मग तिच्या खुर्चीखाली काहीतरी वाजलं.

बद्द.

पाय सरकला असेल खुर्चीचा, असं तिने मनाला सांगितलं. बाबांच्या चपला घ्यायला ती वाकली.

खुर्चीच्या पायावर फुली होती. तिने घाईने बोट फिरवलं; खडू बोटाला लागला.

"चल," बाबा म्हणाले आणि उशीखालची गाडीची किल्ली काढून त्यांनी तिच्यापुढे धरली. "चालवायची तर तुलाच आहे."