सत्काराची सहा मिनिटं

डॉ. नसीम मुजावर यांनी काचेच्या डबीचं झाकण बोटभर सरकवलं. आत पेट्रोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा होता. समोर बसलेल्या पंचविशीतल्या धडधाकट स्वयंसेवकाचा चेहरा हिरवट पडला, गळ्याची घाटी दोनदा वरखाली झाली, आणि सकाळचे पोहे हळदीसकट पातेल्यात बाहेर आले.

हिंदुराव खराड्यांनी तोंड फिरवलं. ओकारीची किळस त्यांना आलीच, पण तिच्या कारणाची जास्त आली. कोल्हापुरात जुन्या मोटारींची इंजिनं जिवंत ठेवणारे ते शेवटचे मिस्त्री. बहात्तर वर्षांतली पन्नास त्यांनी याच वासात काढली होती, आणि ही पिढी त्याच्यावर ओकत होती.

"हे घृणाबिंदूंचं काम," डॉक्टर म्हणाल्या. "धूर थांबवायला सरकारने कायदे केले, दंड लावले, कुणी ऐकलं नाही. मग शाळेत जाण्याआधी प्रत्येक मुलाच्या नाकात हे दोन थेंब घालायला सुरुवात झाली. मेंदूत पेट्रोलचा वास आणि किळस यांची गाठ बसते."

"मग ती सोडवणार कशी?"

"सुटत नाही, काका. किळस पुसता येत नाही, फक्त हलवता येते. याला आम्ही घृणांतर म्हणतो. आधी पेट्रोल हुंगवून ती गाठ जागी करायची, मग जिभेखाली गोळी द्यायची. दहा मिनिटांनी गाठ सैल होते आणि सहा मिनिटं सैल राहते. तेवढ्यात जो वास नाकाच्या सगळ्यात जवळ असेल, त्याला किळस जाऊन चिकटते. जन्मभरासाठी. दुसऱ्यांदा गोळी घेऊन काही उपयोग होत नाही."

"आणि पेट्रोल?"

"ते मोकळं होतं. मग बहुतेकांना ते आवडायलाच लागतं."

हिंदुरावांना एवढंच हवं होतं. त्यांची मुलगी सानिका एकोणतीस वर्षांची होती. मोटारींचं वेड तिने बापाकडूनच घेतलं होतं. पत्रा ठोकावा, रंग मारावा, सीट शिवाव्यात तर तिनेच. पण हे सगळं अंगणाच्या दुसऱ्या टोकाच्या शेडमध्ये. बापाशी बोलायची ती दहा हात लांबून. आई गेली त्या दिवशीसुद्धा ती बापाच्या गळ्यात पडायला धावली आणि अर्ध्या वाटेवर भिंतीला धरून ओकली. हिंदुराव त्या दिवशी गॅरेजमधूनच आले होते. चार-दोन आठवडे काम बंद ठेवून, घासूनपुसून स्वच्छ होऊन त्यांना लेकीजवळ जाता आलं असतं. त्यांनी ते कधी केलं नाही. आपण का म्हणून बदलायचं, हा त्यांचा ताठा. रात्री आडवं पडलं की या ताठ्याचीही त्यांना शिसारी यायची.

'जुनी चाकं मंडळा'च्या वार्षिक मेळाव्याचे कार्यक्रम ठरवायला पुढच्या रविवारी नऊ जण बसले. वर्षातून एक दिवस इंजिन चालवायचा परवाना मंडळाला मिळायचा, पण दोनशे सभासदांत ओकणारेच जास्त, त्यामुळे तो कपाटातच पडून राहायचा. मेळाव्यात गाड्या दोरीने ओढत फिरवायचे. मग उत्कृष्ट पॉलिशचं बक्षीस, तोंडाने हॉर्न वाजवायची स्पर्धा, मोटारीच्या आकाराचा केक. हिंदुरावांना हे सगळं मढ्याला पावडर लावल्यासारखं वाटे.

"यंदा इंजिनं चालू करायची," त्यांनी ठणकावून सांगितलं आणि घृणांतर समजावलं. "आता ठरवा, किळस कशावर ढकलायची. मेळाव्यातला एक कार्यक्रम बळी द्यायचा."

"जेवणावर ढकलूया की," कुणीतरी म्हणालं.

"तांबड्या रश्श्याला हात लावलासा तर बघा!" चौघं एकदम ओरडले.

अर्धा तास नुसता कालवा झाला. केकला केकवाले सोडेनात, हारफुलांना बायका सोडेनात. हिंदुरावांच्या डोक्यात तिडीक गेली.

"सत्कार!" ते म्हणाले. "दरवर्षी तेच. शाल, नारळ, आणि त्या गुलाबपाण्याचा फवारा. ज्याला मान द्यायचा त्याला घाम, आणि बघणाऱ्याला जांभया. जाऊ द्या मसणात! ती सहा मिनिटं सत्कार चालू ठेवा, मांडवभर गुलाबपाणी उडवा. उद्यापासून कुणाला सत्कार बघवला नाही तर मंडळावर उपकारच होतील."

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. फक्त चिटणीस बापूसाहेब इंगवल्यांनी हात मांडीवरच ठेवले. मंडळाचे सत्कार गेली अठरा वर्षं तेच करत होते.

डॉक्टरांनी एकच अट घातली. त्या सहा मिनिटांत मांडवात पेट्रोलचा मागमूस नको, नाहीतर गाठ पुन्हा तिथेच बसेल. गाड्या लांब मैदानात, आणि जुन्या सभासदांनी तीन आठवडे गॅरेजचं तोंड बघायचं नाही. लेक स्वतःहून इंजिनापाशी येणार म्हटल्यावर हिंदुरावांनी ते मुकाट्याने पाळलं. रोज दोनदा अंघोळ केली, नखं खरवडली, कपडे नवे शिवले.

मेळाव्याच्या सकाळी दीडशे तरुण सभासद मैदानाच्या कडेला पिशव्या घेऊन बसले. बोळा फिरला आणि दीडशे गळे एकदम उचंबळले. मग गोळ्या वाटल्या, तोंडं धुतली आणि सगळे मांडवात येऊन बसले. डॉक्टर मागच्या बाजूला घड्याळ धरून उभ्या राहिल्या. त्यांनी हात वर केला. सहा मिनिटं सुरू झाली.

कारंज्यांतून गुलाबपाणी उडू लागलं. अध्यक्षांचा सत्कार व्हायचा होता. पण बापूसाहेबांनी माईक हातात घेतला.

"मंडळींनो, हा आपला शेवटचा सत्कार. तो ज्याच्या हातांनी आपल्या गाड्या जगल्या, त्याचाच व्हावा अशी माझी इच्छा हाय. अध्यक्षसाहेबांनी मोठ्या मनानं आपला मान सोडला. हिंदुराव, या वर! आणि शाल घालायला त्यांची लेक. सानिका, ये बाळ!"

हिंदुराव खुर्चीत आकसले. नको म्हणून हात हलवू लागले, पण दोघांनी बगलेत धरून त्यांना वर नेलं. मागून डॉक्टर ओरडत होत्या, "तिला खाली बसवा! जवळ जाऊ देऊ नका!" पण कर्ण्यातून सनई सुरू झाली होती.

सानिका शाल घेऊन आली. दोन पावलांवर थबकली. तिने भीतभीत श्वास घेतला, आणि काहीच झालं नाही. बापाला पेट्रोलचा वास येत नव्हता.

"पप्पा," ती म्हणाली, आणि शालीसकट त्यांच्या गळ्यात पडली. नाक त्यांच्या मानेत खुपसून ती रडत राहिली. हिंदुरावांना बापूसाहेब दिसेनात, मांडव दिसेना. डॉक्टर काय सांगत होत्या ते त्यांना आठवत होतं. पण चोवीस वर्षांनी आलेलं लेकरू त्यांच्याने बाजूला लोटवलं नाही. त्यांनी तिला आणखी घट्ट धरलं.

तासाभराने मैदानात एकवीस इंजिनं धडधडली. गुलाबपाण्यात भिजलेले कपडे शिव्या देत फेकून तरुण पोरं धुराकडे धावली. सानिका सगळ्यांत पुढे होती. सायलेन्सरपाशी गुडघे टेकून ती खोल श्वास घेत होती आणि हसत होती.

"चोक ओढून बघ," हिंदुराव मागून जवळ येत म्हणाले.

तिने वळून पाहिलं. तिचा चेहरा हिरवट पडला. हाताने तोंड दाबत ती मागे सरकली, आणि चाकाला धरून ओकली.

हिंदुराव जागच्या जागी थांबले, मग स्वतःहून दहा हात मागे गेले. डॉक्टर धावत आल्या. त्यांचा चेहरा पाहूनच हिंदुरावांना कळलं, किळस गुलाबपाण्याला नाही, बापाच्या अंगाच्या वासाला चिकटली होती.

"पप्पा, मला माफ करा," सानिका लांबून रडत म्हणाली. "तुमच्या अंगाला पेट्रोलचा वास का नाही आज?"

त्यांनी शेजारचा कॅन उघडला. नवा सदरा, मान, केस, सगळं पेट्रोलने चोळून काढलं. "आता ये," ते म्हणाले.

ती धावत आली, त्यांना बिलगली आणि हावऱ्यासारखा श्वास घेऊ लागली. हिंदुरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग तो वास त्यांच्या स्वतःच्या नाकात शिरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्याची किळस आली.