दुखणारा पाय डावा, पट्टी उजव्याला

दुखत होता आबांचा डावा पाय, आणि हिरवी पट्टी बांधली होती उजव्या गुडघ्याला. आता सांगा, त्यांची नात जुई घाबरणार नाही तर काय करणार?

पट्टीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'प्रवेश या बाजूने'. जुईने पुन्हा निरखून पाहिलं. आबांचा डावा पाय घोट्याखाली काळानिळा पडला होता, हात लावला तर फरशीसारखा गार. उजवा चांगला धडधाकट. मल्लखांब शिकवणारे आबा याच पायांनी खांबाला घट्ट विळखा घालायचे. आणि सकाळीच डॉ. शहनाज मुल्ला आईला हळू आवाजात म्हणाल्या होत्या, "आज रक्त पोचलं नाही, तर पाय गुडघ्याखाली काढावा लागेल." त्यांना वाटलं, जुई झोपलीय. मोठी माणसं असंच समजतात.

आई औषधं आणायला गेली होती. गडहिंग्लजहून त्यांना आणणारी उडती रुग्णवाहिका कधीच परत गेली होती. इंजेक्शनमुळे आबांना गुंगी आली होती. विचारायचं कुणाला? हे लोक चांगला पायच कापणार, दुसरा तर गेलेलाच आहे, मग माझे आबा उभे कसे राहणार, एवढंच तिच्या डोक्यात घोंघावत होतं. तिने पट्टी सोडली आणि डाव्या गुडघ्याला बांधली.

तेवढ्यात दार उघडून धागा आत आला. धागा म्हणजे त्या रुग्णालयातला यंत्रमानव. त्याच्या बोटांतून बारीक, लवचीक तार निघायची आणि डॉक्टर सांगतील तशी वळायची. खाटेपाशी येताच त्याच्या कपाळावरचा दिवा लाल झाला.

"पट्टी कुणी हलवली?"

"मी," एवढं म्हणताना जुईला रडू फुटलं. "तुम्ही चुकीचा पाय कापाल म्हणून."

धागा रागावला नाही. यंत्रमानवांना रागवायला शिकवायचं राहून गेलंय, हे जुईचं नशीब. त्याने पट्टी पुन्हा उजव्या गुडघ्याला बांधली आणि खुर्चीवरचा आबांचा पायजमा तिच्या हातात दिला.

"आज कापायचं काही नाही. हे बघ. हृदयातून निघालेली मोठी रोहिणी (रक्त पुढे वाहून नेणारी नळी) पोटातून खाली येते. बेंबीच्या आसपास तिचे दोन फाटे होतात, एकेका पायासाठी एक. या पायजम्यासारखे. आता ही तार उजव्या पायातून वर सरकव."

जुईने सरकवली. दोन पाय जुळतात तिथवर तार चढली, वळली आणि डाव्या पायात उतरून खालून बाहेर आली. जुई रडायची थांबली.

"पण मग सरळ डाव्यातूनच का नाही जात?"

"आबांना साखरेचा आजार, त्यात लपूनछपून ओढलेल्या विड्या. नळीत चरबीचा आणि चुन्याचा थर साचलाय, तोही डाव्या मांडीत अगदी वर. दार उघडल्या उघडल्या भिंत आली, तर आत शिरून वळणार कुठे? म्हणून शेजारच्या दाराने जायचं. तुला शंका आली ते चांगलं झालं. पट्टी हलवलीस ते मात्र चुकलंच. आधी विचारायचं."

जुईने पायजमा घडी करून खुर्चीवर ठेवला.

मग आबांना आत नेलं. आई आणि जुई काचेपलीकडून पडद्याकडे बघत बसल्या. उजव्या जांघेत टोचायची तेवढीच जागा बधिर केली होती. तिथून तार आत गेली, मागोमाग कॅथेटर (लांब, बारीक, पोकळ नळी). वर चढली, वळली, डाव्या पायात उतरली. अगदी पायजम्यातल्यासारखी.

आणि अडली. थराला टेकून तार वाकायची आणि मागे यायची. पुन्हा तेच. आईने जुईचा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखायला लागली. नाही गेली तर? जुईला सकाळचं वाक्य पुन्हा ऐकू येऊ लागलं.

"धागा, मागे घे जरा," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "आता फिरवत फिरवत पुढे जा."

तार फिरली, रेंगाळली आणि पलीकडे गेली. तिच्यावरून इवलासा लांबट फुगा आला. तो फुगला तसा थर नळीच्या भिंतीला दाबला गेला. मग तिथे स्टेंट (धातूच्या जाळीची छोटी नळी) बसवला, वाट पुन्हा मिटू नये म्हणून. नळीत औषधी रंग सोडला, आणि पडद्यावर एक काळी धार पावलापर्यंत धावत गेली.

पण चित्रावर जुईचा भरवसा नव्हता. आबांना बाहेर आणल्याबरोबर तिने डावं पाऊल धरलं. गारच होतं. तिने डॉक्टरांकडे पाहिलं.

"धीर धर," डॉक्टर म्हणाल्या. "एखादं बोट कदाचित जाईल, पण पाय वाचेल असं वाटतंय."

जुई पाऊल धरून बसली. धागा शेजारी येऊन सांगत होता, की अजून काही वर्षांनी पायातलं रक्त मंदावलं की पायमोजाच ओरडून सांगेल, पाऊल काळं पडायची वाटच बघायला नको. जुई ऐकत होती, पण तिचं सगळं लक्ष तळहाताकडे होतं. ऊब तिच्याच हाताची, की आतून येतेय, कळेना. तिने दुसरा, थंड हात लावून पाहिला. आतूनच येत होती. खात्री करायला तिने तळव्यावरून बोट फिरवलं.

सकाळी याच तळव्याला हात लावलेला आबांना कळलाही नव्हता. आता त्यांनी डोळे किलकिले केले.

"जुई, पाय सोड गं," आबा पुटपुटले. "गुदगुल्या होतायत."